अंदमानच्या ड्रायव्हरदादांना, एका पायरीबद्दल

प्रिय ड्रायव्हरदादा,

सांगलीहून नमस्कार. तुम्हाला मराठी येत नाही, हे माहीत असूनही पत्र मराठीतच लिहितेय. सहा दिवसांत तुम्ही "आजी", "चला" आणि "भडंग" हे तीनच शब्द शिकलात. माझा भाचा याचं हिंदी करून, बोलून तुमच्या मोबाईलवर पाठवणार आहे. मी स्वतः हिंदीत लिहायला बसले की पत्राचा अर्ज होतो. शिवाय हे इथल्या चार माणसांनीही वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून जाहीर लिहितेय. तुमचं नाव मात्र घालत नाही. गाडी मालकाची आहे, आणि पुढं मी बॉनेटची गोष्ट सांगणार आहे.

आधी रागाचं बोलून घेते. अंदमान सहलीचं बुकिंग करताना मी सहल कंपनीच्या ऑफिसात तीनदा विचारलं होतं की आई ७३ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत, तर चढउतार कितपत आहे? "ताई, बिनधास्त या, ज्येष्ठांसाठी स्पेशल सहल आहे," असं सांगितलं. स्पेशल काय होतं ते तिथं पोचल्यावर कळलं. चहा बिनसाखरेचा मिळत होता. व्हीलचेअर "तिकडं मिळून जाईल" अशी होती, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. आणि सहलीचा मॅनेजर म्हणजे तोंडानं गोड पोरगा, पण त्याच्या हातात सतत घड्याळ. आईला बघितलं की तो पहिल्यांदा घड्याळ बघायचा.

पहिल्या संध्याकाळचं चिडिया टापू तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडं जानेवारीत सूर्य सहा वाजून गेल्यावर बुडतो. तुमच्याकडं घड्याळ आमचंच, पण बेटं इतकी पूर्वेला की सव्वापाचच्या सुमारालाच दिवस आटपतो. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य खाली टेकत आला होता. सगळे धावत सुटले. आई दारात उभी. टेम्पो ट्रॅव्हलरची खालची पायरी तिच्या गुडघ्याएवढी. एक पाय खाली सोडायची, तो जमिनीला लागायचा नाही, परत वर घ्यायची. मागं दोघं खोळंबलेले. त्यातल्या एकीनं "च्" केलं. मॅनेजर म्हणाला, "आजी, तुम्ही आतच बसा, मी तुम्हाला फोटो दाखवतो." आणि मी, तिची पोटची पोरगी, मी काय म्हणाले? "आई, बस ना गं आतच, रोजच तर बुडतो सूर्य."

आई बसली. खिडकीतून झाडं दिसत होती, समुद्र नव्हता. तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून आरशातून बघत होता. काही बोलला नाहीत. मला वाटलं, ड्रायव्हर माणूस, रोजचे शंभर टुरिस्ट बघतो, त्याला काय पडलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात गाडी लागली आणि दाराखाली एक लाकडी खोकं होतं. फळांच्या पेटीच्या फळ्या दुहेरी ठोकलेलं, वीतभर उंच, चारी कोपऱ्यांना आतून ठोकळे. वर जुन्या टायरचा तुकडा खिळ्यांनी पक्का केलेला, पाय घसरू नये म्हणून. टायरच्या कडा चाकूनं कापून साफ केलेल्या. रात्री नऊला आम्हाला सोडून तुम्ही घरी गेलात, म्हणजे हे त्यानंतर बसून केलं असणार. कधी केलं, का केलं, एक अक्षर बोलला नाहीत.

पण दादा, पत्र मी त्या खोक्यासाठी लिहीत नाहीये. खोकं कुणीही केलं असतं म्हणणार नाही, पण एखाद्यानं केलं असतं. तुम्ही पुढं जे केलंत ते मी अजून कुठं बघितलेलं नाही. आई उतरायला आली तेव्हा तिच्या पुढं तो सांगलीचाच तिशीतला जिमवाला पोरगा होता. तो सवयीनं उडी मारणार, तेवढ्यात तुम्ही हात आडवा केलात. "सब लोग इसी से उतरेगा. गाडी का नियम है." तो हसला, पण खोक्यावर पाय ठेवून उतरला. मग त्याची बायको उतरली, मग "च्" करणाऱ्या बाई, मग मॅनेजर. मग आई. चौदा माणसं आणि एक मॅनेजर, त्या दिवसापासून प्रत्येक थांब्यावर. तुम्ही पहिल्यांदा खाली उतरायचात, खोकं लावायचात, पायानं दाबून डुगडुगत नाही ना बघायचात, मग दार उघडायचात. आईला हात द्यायला तुम्ही कधी पुढं आला नाहीत. बाजूला उभं राहून तुम्ही टायरच बघत असायचात. हात लागला असता तर होता, एवढ्याच अंतरावर.

आमच्या घरात आईसाठी कमोड बसवलाय, कठडे लावलेत, मऊ चप्पल आणलीय. आणि ते आणल्याचं रोज कुणी ना कुणी तिला ऐकवतंच. त्यात मीही आले.

आता बॉनेट. सेल्युलर जेलला मॅनेजरनं चाळीस मिनिटं दिली होती. आईला त्या सहलीत बघायचं होतं ते एवढंच. तात्यारावांची, म्हणजे वि. दा. सावरकरांची, कोठडी सगळेच बघायला जातात, पण आईच्या मनात बाबाराव होते. तुम्हाला तिनं तिच्या हिंदीत सांगायचा प्रयत्न केला, ते तुम्हाला किती कळलं कोण जाणे, म्हणून परत सांगते. सावरकरांचे थोरले भाऊ गणेश, म्हणजे बाबाराव, हेही त्याच तुरुंगात होते. ते १९४५ साली वारले ते आमच्या सांगलीत. आईच्या माहेरी हे सांगून सांगून तिला पाठ झालेलं. "आपल्या गावात देह ठेवलेला माणूस तिथं कसा राहिला ते एकदा बघायचंय," हे ती बाबा असल्यापासून म्हणत होती. बाबा गेले, आणि ते जायचं राहूनच गेलं होतं.

तर आई जिने चढली. तीनदा बसली. वरच्या मजल्यावर तात्यारावांच्या कोठडीपाशी पोचेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली होती. कोठडी साडेतेरा फूट बाय साडेसात फूट. आईनं ती पावलांनी मोजली आणि म्हणाली, "आपल्या हरिपूरच्या स्वयंपाकघराएवढी." मग वरचा झरोका बघितला, इतका उंच की हात सोडा, नजरही नीट पोचत नाही. मूळच्या सात इमारतींपैकी आता तीनच उरल्यात, पण त्यावरूनही बांधणारे किती कावेबाज होते ते कळतं. एका इमारतीच्या कोठड्यांच्या दारांसमोर दुसरीची पाठ. समोर माणूस दिसायलाच नको. आई भिंतीला हात लावून म्हणाली, "एका छपराखाली दोघं सख्खे भाऊ, आणि एकाला दुसरा दिसत नव्हता गं." मग तिथंच दाराशी बसली. डोळे पुसत नव्हती, नुसती बसली होती. मी घड्याळ बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मॅनेजर खालून हाका मारत असणार, फोन वाजणार.

फोन वाजला नाही. पाऊण तासानं आम्ही खाली आलो तर गाडीचं बॉनेट उघडं, तुमचं डोकं आत, आणि मॅनेजर शेजारी हवालदिल. "गाडी गरम हो गया है, आधा घंटा लगेगा," असं तुम्ही त्याला सांगितलं होतं म्हणे. आम्ही दिसताच तुम्ही बॉनेट आपटलंत आणि किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू. मी जवळून गेले, मुद्दाम वर हात ठेवला. दादा, बॉनेट गार होतं.

जेवणाच्या वेळी आईनं तुम्हाला भडंग दिला आणि तुम्ही दोघं बोलत बसला होता. आईचं हिंदी म्हणजे "पाय दुखता है, पर चलता है". तरी तुमचं जमलं. तुमचे आजोबा जंगलातल्या कामासाठी रांचीकडून आले, अजून तुम्हाला सगळे रांचीवालेच म्हणतात, हे तिनं तुमच्याकडून काढून घेतलं. तुम्ही २००४ च्या सुनामीचं सांगितलंत, समुद्र आधी मागं गेला आणि मग आला. आईनं २०१९ च्या ऑगस्टचं सांगितलं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर म्हणजे तुम्हीच कल्पना करा. त्या दिवशी कुठल्याशा गावची चार पोरं होडी घेऊन आली, आईला गच्चीवरून उतरवून घेतलं, तिची औषधाची पिशवी डोक्यावर धरली आणि कोरड्या जागी सोडून परत वळली. नाव विचारायचं सुचलंच नाही. कुठली पोरं, मिरजेकडची की पलीकडची, आजतागायत माहीत नाही. आई अजून पाऊस लागला की त्यांची आठवण काढते. खरं सांगू? हे पत्र निम्मं त्यांचं आहे. त्यांना लिहिता आलं नाही म्हणून तुमचा पत्ता हातचा जाऊ दिला नाही.

बाराटांगला आई आली नाही, ते बरंच झालं. तिथल्या चुनखडीच्या गुहेपर्यंतचं चालणं तिला झेपलं नसतं. एवढ्यापुरता मॅनेजर बरोबर होता, ते कबूल.

हॅवलॉकला (कागदावर स्वराज द्वीप, पण तुमच्या तोंडी हॅवलॉकच) तुमची गाडी येणार नव्हती, तिथं दुसरी. मला वाटलं, संपलं आता. तर जेट्टीवर तुम्ही ते खोकं सुतळीनं बांधून, वर धरायला मूठ करून माझ्या हातात दिलंत. बोटीवाल्यांनी त्याला सामानाचा टॅग लावला. आमच्या ग्रुपमध्ये हशा झाला, "आजींचं सिंहासन". हसणाऱ्यांतलेच दोघं ते पुढं आळीपाळीनं उचलत होते, हेही सांगायला हवं.

राधानगरच्या किनाऱ्यावर आईनं ते वाळूत ठेवलं आणि त्यावर बसून लाटा पायावर घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा. साडी पोटरीपर्यंत वर, चष्मा कपाळावर. एक लाट जरा मोठी आली, आई हसत उठली आणि खोकं तरंगत निघालं. ते पकडायला कोण धावलं असेल? मॅनेजर. बुटांसकट. गुडघ्याएवढ्या पाण्यातून खोकं घेऊन आला तेव्हा पहिल्यांदा तो घड्याळ बघत नव्हता, घड्याळाचा हात वर धरला होता ते भिजू नये म्हणून.

निघताना विमानतळावर आईला ते खोकं सांगलीला आणायचं होतं. तुम्ही हसलात, "आजी, दुसरा कोई आजी आएगा तो?" मग ती काही बोलली नाही.

पुण्यात ग्रुप पांगला. आम्ही स्वारगेटहून एसटी धरली. सांगली स्टँडवर उतरताना आईनं एक पाय बाहेर काढला आणि तसाच अधांतरी धरला. कंडक्टर ओरडला, "आजी, आवरा, मागं गाडी लागलीय." ती खाली जमिनीकडं बघत होती. मला दोन सेकंद कळलंच नाही ती काय शोधतेय.

आता मी पत्र वाचून दाखवलं तर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, ते तसंच लिहिते: डाव्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यातला खिळा वर आलाय. समुद्राच्या पाण्यानं फळी फुगली असेल. तेवढा ठोकून घ्या म्हणावं, कुणाच्या तरी साडीला लागेल.

तुमची,
हरिपूरच्या आजींची मुलगी
विश्रामबाग, सांगली