हॅमक्लॉक एका क्लिकवर यायला हवं

महोदय,

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. हौशी रेडिओचा परवाना त्याच्याही आधीचा. आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांची संभाषणांची नोंदवही जगभर एकाच वेळेवर चालते, ती म्हणजे यूटीसी. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा केले की झालं, असं वाटतं. पण पहाटे तीनला कुणाशी बोलणं झालं, तर तारीख आदल्या दिवसाची लिहावी लागते. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ मित्रांनी सवयीने त्याच दिवसाची लिहिली आणि त्यांचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे संभाषण झाल्याची खूण म्हणून पाठवायचं पोस्टकार्ड, 'नोंद सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. ते कार्ड हातात घेऊन ते किती तरी वेळ गप्प बसले होते.

एलवूड डाउनी या अमेरिकी हॅमने लिहिलेल्या 'हॅमक्लॉक'मुळे ही अडचण सुटते. सॉफ्टवेअर फुकट आहे. एकाच पडद्यावर यूटीसी, जगाचा नकाशा, सौर डागांचे आकडे आणि डोक्यावरून जाणारे उपग्रह दिसतात. मला सर्वांत प्रिय आहे ती नकाशावर सरकणारी दिवस-रात्रीची सीमा. डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे यूटीसी साडेबाराला, ती मिरजेवर येते. दिवसभर लहरी शोषून घेणारा आयनांबराचा (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा) 'डी' थर तेव्हा विरू लागतो, वरचा 'एफ' थर मात्र टिकून असतो, आणि ४० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर दुपारभर नुसती खरखर असते तिथे लांबलांबचे आवाज येऊ लागतात. पुस्तकात शिकलेलं असं डोळ्यांदेखत घडताना पाहण्याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

पण हे घड्याळ लावायचं म्हणजे लिनक्सवर सोर्स उतरवून घ्या, पडद्याचा आकार ठरवून कंपाइल करा, मग ब्राउझरमध्ये ८०८१ हा पोर्ट घालून पत्ता टाका. माझ्या चार संध्याकाळी त्यात गेल्या. दुरुस्तीच्या दुकानात संगणक नेला, तर 'असलं आम्ही बघत नाही' म्हणून परत पाठवलं. आमच्यातल्या तिघांनी तर तो काळा पडदा पाहूनच नाद सोडला. मोर्स कानाने टिपणारी माणसं आहेत ही, मठ्ठ नव्हेत.

दिवाळीला भाची आली होती. मी वहीतून बघून आज्ञा टाइप करत होतो. "मामा, हे रोज करता तुम्ही?" तिने विचारलं. दोन दिवस बसून तिने छोटा लाँचर लिहून दिला. आता डेस्कटॉपवर घड्याळाचं चित्र आहे. त्यावर क्लिक केलं की आधीचं अडकलेलं घड्याळ बंद होतं, नवं सुरू होतं आणि ब्राउझर आपोआप उघडतो. पहिल्या वेळी तेवढी कॉल साइन (परवान्यावरचं आपलं रेडिओ-नाव) आणि ग्रिड (नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा संकेत, आमचा एमके७६) विचारतो, तेही मराठीत. 'पडदा केवढा हवा?' हा प्रश्न वाचून ते ज्येष्ठ मित्र हसले आणि त्यांनी स्वतः 'मोठा' निवडला. त्या तिघांकडेही आता घड्याळ चालू आहे.

संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. चांगली फुकट सॉफ्टवेअर ढिगाने पडली आहेत; त्यांना असं दार करून द्या. हे काम कमी प्रतीचं समजू नका.

हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून कधी कधी १४५.८०० मेगाहर्ट्झवर अंतराळवीर शाळांशी बोलतात. स्थानक आपल्या आकाशात जेमतेम दहा मिनिटं असतं, आणि ते कधी उगवणार हे हॅमक्लॉक आधी सांगतं. मिरज-सांगलीच्या विज्ञान शिक्षकांनी शाळेत पडून असलेला एखादा जुना संगणक दाखवला, तर त्यावर हे घड्याळ लावून द्यायला मी सायकलवर येईन. लाँचर पेनड्राइव्हवर तयार आहे.

आपला,
एक हौशी रेडिओचालक, मिरज