आजीला सांगा, हे साप बिनविषारी आहेत

विनिपेग, कॅनडा
१९ मे

ती. आई आणि ती. अप्पा यांना शि. सा. न.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, तब्येत उत्तम आहे. फोनवर बोलणं होतंच, पण आजीला हातात धरायला कागद लागतो. लॅबमधली एक मुलगी पुण्याला निघालीय, तिच्याकडे हे पत्र देतेय. पिंकी, वाचून तूच दाखवणार हे मला माहीत आहे. जिथं गाळ म्हटलंय तिथं गाळ.

आधी काकूंचं. "साप धरायचे होते तर शिराळ्यात काय कमी होते?" असं त्या म्हणाल्या म्हणे. काकूंना सांगा, शिराळ्यात जिवंत नाग धरायला कोर्टानं बंदी घातली तेव्हा सगळ्यात जास्त हळहळणाऱ्या त्याच होत्या. आणि मी साप धरायला आलेली नाही, त्यांचं अंग किती तापतं ते मोजायला आलेय. आता धरल्याशिवाय मोजता येत नाही, हे खरं. पण हे नाग नव्हेत. गार्टर साप म्हणतात यांना. हात-दीड हात लांब, काळसर अंगावर पिवळे पट्टे, कडेला तांबडे ठिपके. चावलाच तर ओरखडा उठतो. शाळेतली पोरं गळ्यात घालून फोटो काढतात. त्रास एकच. धरला की शेपटीकडून असा घाण वास सोडतो की साबण संपतो, पण वास जात नाही.

जागेचं नाव नार्सिस, विनिपेगच्या उत्तरेला सव्वाशे-एक किलोमीटर. तिथं जमिनीखाली चुनखडक आहे, त्याला भेगा आणि खड्डे. हिवाळ्यात वर उणे ३०, कधी उणे ४० होतं, तेव्हा हजारो साप एकाच भेगेतून खाली उतरतात. खाली गोठत नाही. एप्रिलच्या शेवटी ऊन तापायला लागलं की वर येतात, आधी नर. ते तोंडाशीच वाट बघत बसतात. मग माद्या निघतात, एक-एक करून.

(पिंकी, इथून गाळ. अप्पांना मी नंतर समजावून सांगेन, म्हणजे सांगणार नाही.) एका मादीभोवती वीस-पंचवीस नर, कधी त्याहून जास्त. सुतळीचा गुंडा सुटून वळवळायला लागावा तसं दिसतं. मादी ओळखायची ती तिच्या कातडीवरच्या वासानं, जीभ लावून. तो वास नेमका कशाचा, हे रॉबर्ट मेसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८९ मध्ये शोधलं. गंमत पुढंच आहे. काही नरांच्या अंगालाही मादीचा वास येतो आणि बाकीचे नर त्यांच्यावरही तुटून पडतात. आधी, १९८५ मध्ये, मेसनचंच म्हणणं होतं की हा बाकीच्यांना चकवून मादी पटकावायचा डाव असणार. (गाळलेलं संपलं, आता वाच.)

पुढे सिडनीचे रिक शाइन आणि त्यांचे सोबती इथं आले. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की बिळातून नुकताच वर आलेला नर थंडगार असतो. थंड साप म्हणजे सुस्त साप. पळता येत नाही, आणि वर कावळे टपलेले. ते चोच मारून नेमकं यकृत काढतात. असा गारठलेला नर मादीचा वास सोडतो, मग आधीच उन्हात तापलेले नर येऊन त्याच्यावर पडतात. त्यांच्या अंगाची ऊब त्याला मिळते, वरून कावळ्यापासून आडोसा. अंग तापलं, चपळाई आली की एक-दोन दिवसांत तो वासही जातो. मला हे फार आवडतं. एवढीशी लबाडी, तीही उबेसाठी.

अप्पा, तुम्ही विचारलं होतं, तिथं गाड्यांना वायर का लोंबते. फोटोत तुम्हाला ते बरोबर दिसलं! मीही पहिल्या हिवाळ्यात समजले की या गावात सगळ्या गाड्या विजेवर चालतात. तसं नाही. एवढ्या थंडीत इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, गाडी सुरूच होत नाही. म्हणून इंजिनात एक छोटा हीटर बसवलेला असतो, त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर येते, तोंडातून जीभ लोंबावी तशी. पार्किंगमध्ये ओळीनं खांब, प्रत्येकाला प्लगची जागा. रात्री गाडी आणली की म्हैस दावणीला बांधावी तशी बांधायची. शहाणी माणसं टायमर लावतात, कारण रात्रभर तापवायची गरज नसते, पहाटे दोन-तीन तास पुरतात. आमचा घरमालक त्याचेही पैसे वेगळे घेतो. आणि घाईघाईत प्लग न काढता वायर फरफटत निघालेला एक तरी माणूस दर हिवाळ्यात दिसतो. माझ्याकडे गाडी नाही, तरी मला हे सगळं तोंडपाठ आहे.

आई, मी एकटी जंगलात जात नाही. आम्ही पाच जण असतो, संध्याकाळी परत. स्वेटर घालते. हो, तू विणलेला सुद्धा.

अप्पांचा मोतीबिंदू काढला हे मला तीन दिवसांनी कळवलंत. त्याबद्दल मी काही बोलले नाही, आताही बोलत नाही. थेंब घालता ना?

पैसे ५०,००० पाठवलेत, बँकेत बघा. त्यातून आधी माझ्या कर्जाचा हप्ता, उरलेले पिंकीच्या लग्नाच्या खरेदीला. थोरलीचं व्हायच्या आधी धाकटीचं कसं, म्हणून तिचं अडवून ठेवू नका. मुलगा चांगला आहे, तिला पसंत आहे, डिसेंबरची तारीख धरा. कराडच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगा दिसायला बरा आहे. पण "मुलगी हवामानाचं शिकते" असं तुम्ही त्यांना सांगितलंत म्हणे. सापांचं सांगा, मग ते काय म्हणतात ते मला कळवा. डिसेंबरात मी येण्याचं बघतेय. साप तेव्हा खालीच असतात, तेव्हा सुट्टीची अडचण नाही. तिकिटाचा भाव बघितला, आणि तेवढ्यात मांडवाचा खर्च निघतो, हेही बघितलं. अजून काही ठरवलेलं नाही.

आजीला नमस्कार, काकूंनाही.

तुमची,
वैशू

ता. क. पिंकी, हे मोठ्यानं वाचू नकोस. जानेवारीत दोन रविवार मी फोन उचलला नव्हता, तेव्हा नेटवर्क गेलं नव्हतं. ताप होता. खोलीतल्या पंजाबी मुलीनं स्वतःची रजाईसुद्धा माझ्यावर घातली आणि रात्रभर जॅकेट घालून खुर्चीत बसून राहिली. आता एकदम बरी आहे. तिला पुरणपोळी खायची आहे, आईला कृती लिहून पाठवायला सांग. कशासाठी, ते सांगू नकोस.