आधी टीसीवरचे अँपिअर मोजा

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा तोंडावर आला की सीमाभागात नव्या सबस्टेशनची मागणी सुरू होते. मागणी गैर नाही. पण सबस्टेशन कुठे, किती एमव्हीएचे (म्हणजे किती क्षमतेचे) आणि कधी, हे वर्षभरात खपलेल्या युनिटवरून ठरवू गेलो तर फसगत होते. ट्रान्सफॉर्मर जळतो तो युनिटने नव्हे, त्या घटकेच्या अँपिअरने, म्हणजे करंटने.

हे बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संस्थेच्या निमित्ताने लिहीत आहे. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या पुढाकाराने देशात पहिल्या पाच वीज सहकारी संस्था ठरल्या, त्यांत हुक्केरी होती आणि नगरची मुळा-प्रवराही. मुळा-प्रवराचा परवाना २०११ मध्ये संपला आणि तिथे महावितरण आले. हुक्केरी अजून चालू आहे. अशा संस्थेने हेस्कॉम या कर्नाटकच्या सरकारी वीज कंपनीकडून ठोक वीज घ्यायची आणि वाटायची, एवढाच मामला. म्हणजे नियोजन करायला तिच्या हातात दोनच गोष्टी उरतात: ठोक मागणीचा अंदाज आणि स्वतःच्या तारा.

कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. मीटर नसलेल्या पंपाचा खप अंदाजाने धरायचा, मग गळतीही अंदाजानेच निघते. म्हणून सुरुवात टीसीपासून, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरपासून करावी (आपण त्याला डीपी म्हणतो). १०० केव्हीएच्या टीसीची लघुदाब बाजूची क्षमता १३३ अँपिअर. ५ एचपीची धड मोटर साधारण ८ अँपिअर ओढते, म्हणजे १६ मोटरींत टीसी भरला. पाटीवर ५ एचपी असलेली, पण रिवाइंडिंग करताना वाढवून घेतलेली मोटर ११-१२ अँपिअर घेते आणि व्होल्टेज ३४० वर उतरले की प्रत्येक मोटरीचा करंट आणखी पाचव्या हिश्श्याने चढतो. मंजूर एचपीची कागदावरची बेरीज इथे कामाची नाही. थ्री-फेज आल्यावर अर्ध्या तासाने टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) लावून तिन्ही फेज मोजावेत. ते काम ऊस पाण्यावर असताना, मार्च ते मे मध्ये करावे. पावसाळ्यातले आकडे गाफील ठेवतात.

अर्धा तास थांबायचे कारण मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच. लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटर पाच-सहापट करंट घेते. फ्यूज उडतो. दोनदा उडाला की कुणीतरी किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खाचेत) ॲल्युमिनियमची जाड तार घालतो आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वाइंडिंग जाते. ऑटोला दोन-पाच मिनिटांचा मागेपुढे डिले लावला तरी हे बरेचसे टळते. ५ एचपीच्या मोटरीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की तारेतला करंट ८ वरून ७ च्या खाली येतो. १६ मोटरींमागे आणखी तीन मोटरींची जागा निघते. सबस्टेशनच्या खर्चापुढे हे चणे-फुटाणे. पण कपॅसिटरचे उद्घाटन करता येत नाही.

आता ११ केव्ही फीडर, म्हणजे सबस्टेशनपासून टीसींपर्यंत येणारी लाइन. १० किलोमीटर वीझल (बारीक) तारेच्या टोकाला १०० अँपिअर नेले तर तारेतच सुमारे २८० किलोवॅट जळतात. तीच तार रॅबिट, म्हणजे त्याहून जाड असती तर १६५. टोकाच्या गावातली मोटर का जळते याचे उत्तर बऱ्याचदा या तारेत असते. अशा फीडरला मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर देऊन काहीच साधत नाही. लोड असेल तिथे जवळ सबस्टेशन आणावे किंवा फीडर तोडून दोन करावेत.

सर्वांत मोठी चूक होते ती पाळीच्या हिशेबात. शेतीला थ्री-फेज गटागटाने मिळते, त्यामुळे सबस्टेशनमधल्या ५ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर नोंदलेला उच्चांक निम्म्याच मोटरींचा असू शकतो. कुसुमसारख्या सौर योजनांतून शेतीला दिवसा वीज देण्याचे ठरले आहे. चांगलेच आहे. पण दोन्ही गट एकाच वेळी दिवसा चालले की २६२ अँपिअर क्षमतेच्या याच ट्रान्सफॉर्मरवर जवळपास दुप्पट मागणी येते. सौर प्रकल्प त्याच सबस्टेशनच्या ११ केव्ही बसला (जिथून सगळे फीडर निघतात तिथे) जोडलेला असेल तर ऊन असेपर्यंत निभावते. ऐन दुपारी ढग आले तर काय करायचे, कुठला फीडर आधी बंद करायचा, हे आधीच लिहून ठेवलेले हवे.

वाढ वर्षाला ६ टक्के धरली तर आज ७० टक्के भरलेला ट्रान्सफॉर्मर सहा वर्षांत पुरा भरतो. जागा, ३३ केव्ही लाइनची वाट आणि टेंडर यांत दोन-तीन वर्षे सहज जातात. तेव्हा ८० टक्क्यांच्या आत प्रस्ताव गेला नाही तर उशीर झालाच. २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वितरण कंपन्यांना दहा वर्षांचा आराखडा करून दरवर्षी तो पुढे सरकवायचा आहे. सहकारी संस्थेनेही तेच करावे, फक्त प्रत्येक फीडरचा वेगळा.

संस्थेच्या निवडणुकीत पॅनेल कुणाचे, यावर रकाने भरतात. सभासदांनी यंदाच्या वार्षिक सभेत एवढेच मागावे: अहवालात एक पान, प्रत्येक ११ केव्ही फीडरचा वर्षातला सर्वोच्च अँपिअर, तारीख-वेळ, त्या वेळी चालू असलेला गट आणि टोकाच्या टीसीवरचे व्होल्टेज. सबस्टेशनच्या लॉगशीटवर तासातासाची नोंद होतेच. टोकाचे व्होल्टेज मात्र माणूस पाठवून मोजावे लागेल.

— वीज वितरणातील एक निवृत्त अभियंता, गडहिंग्लज