मुलांच्या खोलीविना घर

महोदय,

रविवारच्या पुरवणीत जुन्या नाशिकमधील वाडा दुरुस्त करून राहणाऱ्या दाम्पत्यावरचा लेख वाचला. त्या दोघांनी वाडा बिल्डरच्या हवाली केला नाही, मागाहून घातलेले पत्रे आणि प्लायची पार्टिशने काढून चौक मोकळा केला आणि मातीच्या भिंतींना सिमेंट न लावता चुन्याचाच गिलावा केला, याबद्दल त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे आहे. सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. ती ओल भिंतीत रोवलेल्या तुळयांच्या टोकांशी साचते आणि वरून ठणठणीत दिसणारे लाकूड आतून कुजते, हे आमच्या गल्लीत अनेकांच्या लक्षात माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, खचल्यावरच आले. लेखात ही मोलाची माहिती एका वाक्यात उरकली आणि बाकीचे बहुतेक रकाने त्या दोघांना मूल नाही, यावर खर्ची पडले. वाचून वाईट वाटले, आणि दुसऱ्या दिवशीही राग ओसरला नाही, म्हणून हे पत्र.

त्यांनी माजघरात अभ्यासिका काढली, गल्लीतली मुले तिथे येऊ लागली आणि तेव्हा कुठे त्या वास्तूला घरपण आले, असा लेखाचा एकंदर सूर आहे. अभ्यासिका ही चांगलीच गोष्ट आहे आणि ज्यांना ती काढावीशी वाटते त्यांनी ती जरूर काढावी. परंतु मूल नसलेल्या नवरा-बायकोने घराचा एखादा भाग परक्या मुलांना दिला तरच त्या घराला अर्थ येतो, हे मला मान्य नाही. मुलेबाळे असलेल्या कुटुंबाला त्याच्या जादा खोलीचा हिशेब कोणी मागत नाही. दोन माणसे एकमेकांच्या सोबतीने सुखाने राहतात, एवढे कारण घर असायला पुरेसे आहे.

आमचेही घर वाड्यातलेच आहे. सासऱ्यांच्या पश्चात वाटणीची बैठक बसली, तेव्हा एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी सगळ्यांदेखत सांगितले की रस्त्याकडचा भाग मुलेबाळे असलेल्यांना द्यावा, या दोघांना मागचे तीन खण (खांबांमधले गाळे) पुष्कळ झाले, त्यांना पुढे ठेवायचे तरी कोणासाठी आहे. माझे पती काही बोलले नाहीत. मागचे तीन खण आम्ही घेतले आणि ते राहण्याजोगे करण्यासाठी एका आर्किटेक्टकडे गेलो. आम्ही दोघेच आहोत आणि दोघेच राहणार आहोत, हे त्यांना स्पष्ट सांगितले होते. तरीही नकाशात माडीवर ‘चिल्ड्रन्स बेडरूम’ होतीच. ती काढून टाका असे सांगितल्यावर पुढच्या नकाशात तिचे नाव ‘गेस्ट रूम’ झाले, जागा मात्र तेवढीच राहिली. पुढेमागे विकायला बरे पडते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच नकाशात न्हाणीघराचे दार जेमतेम दोन फुटांचे होते आणि आत उघडत होते.

हे दार किती महत्त्वाचे आहे, ते संपादक महोदय, आपण आणि आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे. म्हातारपणी न्हाणीघरात पडण्याचा धोका मोठा असतो. आत उघडणाऱ्या दाराला पडलेल्या माणसाचेच शरीर आडवे येते आणि बाहेरच्याला दार ढकलताही येत नाही. ज्या घरात मध्यरात्री हाक मारायला मुलगा-सून नाही, तिथे बाहेरचे माणूस म्हणजे पंच्याहत्तरीचा नवरा किंवा सत्तरीची बायको. आम्ही ते दार तीन फुटांचे करून बाहेर उघडणारे बसवले, कडी बाहेरूनही काढता येईल अशी घेतली, उंबरा काढून टाकला, फरशी गुळगुळीत न घेता खडबडीत शहाबादी घातली आणि भिंतीला धरायला स्टीलच्या दांड्या लावल्या. घराची एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे कायमची दिली आहे.

उरला जिना. वाड्यातले जुने जिने उभे आणि अंधारे असतात. तरुण पायांनाही ते दोराला धरूनच चढावे लागतात. आम्हाला माडी सोडून देता येत नव्हती, कारण गंगेला, म्हणजे गोदावरीला, मोठा पूर आला की पाणी आमच्या गल्लीत शिरते. २००८ साली ते आले आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आले. म्हणून एरवी आम्ही खाली झोपतो आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याचे, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेच्या वर गेल्याचे कळले की अंथरूण, औषधे आणि कागदपत्रे घेऊन माडीवर जातो. १० फूट उंची चढायला ६ इंचांच्या २० पायऱ्या लागतात आणि पाऊल पुरते टेकावे म्हणून प्रत्येक पायरी ११ इंच रुंद धरली, तर सरळ जिन्याला १७ फुटांहून अधिक लांबी लागते. तो मधल्या लँडिंगवर वळवला तरी एका लहान खोलीची जागा जातेच. आमचा जिना त्या ‘चिल्ड्रन्स बेडरूम’च्या जागेतून वर गेला. वीस पायऱ्या मी आजही थांबत थांबत, पण कोणाचा हात न धरता चढते.

लेखात आणखी एक गोष्ट हवी होती. मूल नसलेल्या जोडप्याने घर नीट केले, पण मृत्युपत्र केले नाही, तर ते घर पुढे कोणाकडे जाईल हे कायद्याने आधीच ठरलेले आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे अपत्य नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेली मालमत्तादेखील आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील आणि भावंडे यांचा क्रम त्यानंतर लागतो. आमच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च माझ्या शाळेतल्या नोकरीच्या पैशांतून झाला आहे आणि ज्यांनी आम्हाला मागचे खण दाखवले त्यांच्याच घरात ते परत जावेत, हे मला पटत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी लागते आणि त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. आम्ही दोघांनी आपापले मृत्युपत्र वेगळे केले आहे.

आणखी एक तक्रार या निमित्ताने नोंदवते. संपूर्ण लेखात वाडा यजमानांनी वाचवला, चुना यजमानांनी निवडला, सुतार यजमानांनी शोधला, आणि शेवटच्या परिच्छेदात पत्नीची मोलाची साथ लाभली. छायाचित्रात गिलाव्याची थापी तर त्या बाईंच्याच हातात दिसते आहे. त्यांना चार प्रश्न विचारले असते, तर चुना किती दिवस भिजवला, हे तरी वाचकांना कळले असते.

त्याच छायाचित्रात त्यांच्या वाड्याचा जुना जिना दिसतो आणि त्याला एकाही बाजूला कठडा नाही. हे पत्र त्यांच्या वाचनात आले, तर त्यांनी पावसाळ्यापूर्वी तेवढे काम करून घ्यावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे काम केलेले सुतार जुन्या सागवानाला धक्का न लावता दोन्ही बाजूंना कठडा बसवून देतात. त्यांचा पत्ता मी आपल्या कार्यालयात कळवून ठेवते.

आपली,
एक वाचक
जुने नाशिक