बंड्यास, ग्राफक्यूएलबद्दल

प्रिय बंड्या,

परवाचा तुझा मेसेज वाचला. "सगळे ग्राफक्यूएलवर गेले, आपणच रेस्टला चिकटून बसलोय" असं लिहिलंयस, म्हणून हे पत्र. दोन्ही म्हणजे ॲपनं सर्व्हरकडून माहिती मागायच्या पद्धती: रेस्टमध्ये प्रत्येक गोष्टीचा वेगळा पत्ता, ग्राफक्यूएलमध्ये एकाच पत्त्यावर हवं तेवढंच मागायचं. फोन केला असता तर अर्धा तास भांडलो असतो आणि ठरलं काहीच नसतं.

तुझं दुखणं खरं आहे. होम स्क्रीन उघडला की तुमचं ॲप सर्व्हरला पाच हाका मारतं: ग्राहक, पत्ता, चालू ऑर्डरी, त्यातल्या वस्तू, उधारी. वर ग्राहकाचं नुसतं नाव हवं असलं तरी सर्व्हर त्याची अख्खी कुंडली पाठवतो. तालुक्याच्या नेटवर्कवर मग ते चाक गरगरत बसतं. फेसबुकला २०१२ मध्ये मोबाइलच्या न्यूज फीडसाठी जवळपास हेच कोडं पडलं होतं. त्यातून ग्राफक्यूएल निघालं आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. तेव्हा "नवीन टेक्नॉलॉजी" वगैरे जरा जपून म्हण.

कल्पना सोपी आहे. आई वाण्याकडे यादी टाकायची ना, तसंच. पाव किलो रवा, दोन नारळ, एवढंच. बांधून तेवढंच येणार, एकाच फेरीत. यादी लिहिणाऱ्याची चैन आहे. पण गल्ल्यामागे, म्हणजे सर्व्हरवर, काय चालतं ते ग्राफक्यूएल वापरताना आम्ही वर्षभर भोगलं.

आमचा ऑर्डरींचा स्क्रीन बघ. वीस ऑर्डरी आणि प्रत्येकीसमोर ग्राहकाचं नाव. ऑर्डरींची एक क्वेरी (डेटाबेसला विचारणा), मग प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकासाठी वेगळी. म्हणजे डेटाबेसला एकवीस. पोऱ्या प्रत्येक जिनसासाठी गोदामात नवी खेप घालतोय आणि गिऱ्हाइकाला वाटतंय, एका फेरीत काम झालं! डेटालोडर नावाची लायब्ररी लावल्यावर ग्राहकांचे आयडी गोळा करून एकदम आणता आले, क्वेऱ्या दोनवर आल्या. पण ते आपसूक होत नाही. आम्हाला तर डेटाबेसचा लॉग उघडेपर्यंत कळलंही नव्हतं.

दुसरा फटका जास्त लागला. ग्राफक्यूएलमध्ये एखादं फील्ड (माहितीचा एक रकाना) फसलं तरी उत्तर बहुधा २००, म्हणजे "सगळं ठीक", म्हणूनच येतं, चूक आतल्या एरर्सच्या यादीत. आमचं मॉनिटरिंग फक्त ५००, म्हणजे "सर्व्हर बिघडला" अशी उत्तरं, मोजायचं. एका रात्री उधारीचं फील्ड बंद पडलं, बोर्ड मात्र सकाळपर्यंत हिरवागार. दहा वाजता सपोर्टची मुलगी टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, सगळ्यांची उधारी शून्य दिसतेय, लोक खूश आहेत." चूक ग्राफक्यूएलची नव्हती, आमचीच होती. ॲपही शहाणं, रिकाम्या फील्डला शून्य समजलं.

कॅशिंगचंही (एकदा आलेलं उत्तर साठवून पुन्हा देण्याचंही) तसंच. रेस्टमध्ये गेट रिक्वेस्टचा (नुसती माहिती मागणारीचा) पत्ता बघून मधला सीडीएन, म्हणजे वाटेतल्या सर्व्हरांचं जाळं, उत्तर धरून ठेवतो. इथे सगळं एकाच पत्त्यावर, तेही बहुतेक पोस्ट प्रकारच्या रिक्वेस्टनं, जिचं उत्तर सहसा धरून ठेवत नाहीत. त्याला कळणार काय, कोण काय मागतंय? पर्सिस्टेड, म्हणजे सर्व्हरवर आधीच नोंदवलेल्या, क्वेऱ्या वापरून मार्ग निघतो, पण ते आणखी एक काम. आणि ग्राहकाच्या ऑर्डरी, त्या ऑर्डरींचा ग्राहक, पुन्हा त्याच्या ऑर्डरी, अशी क्वेरी कुणी लिहिली तर खोलीची मर्यादाही तूच घालायची. कोड ठेवायची साइट गिटहबसुद्धा प्रत्येक क्वेरीचं वजन मोजतं आणि साधारण खात्याला तासाला ५,००० पॉइंट देतं. तुमच्याकडे हे सांभाळायला कोण आहे?

एवढं ऐकून वाटेल, आम्ही पस्तावलोय. अजिबात नाही. आमच्याकडे अँड्रॉइड, वेब आणि गोदामाचं ॲप, तीन टीम, त्याही दोन शहरांत. पूर्वी एक फील्ड वाढवायचं तर बॅकएंडवाल्याच्या मागे चार दिवस फिरावं लागायचं. आता स्कीमात, म्हणजे काय काय मागता येतं त्याच्या यादीत, असेल ते ज्याचं तो उचलतो. जुन्या फील्डवर डेप्रिकेटेडचा ("आता वापरू नका"चा) शिक्का मारला की एडिटरच टोकतो. स्कीमा हाच आमचा करारनामा झालाय, आणि त्यासाठी बाकीचा सगळा ताप मी पुन्हा सोसेन.

पण तुम्ही तिघं, एक ॲप, एकच टेबल. तुला फील्ड हवं असेल तर मान वळवून सांगायचं, एवढंच अंतर. त्यासाठी स्कीमा, रिझॉल्वर (प्रत्येक फील्डची माहिती आणणारा कोड), डेटालोडर हा संसार कशाला मांडतोस? होम स्क्रीनसाठी एक वेगळा एंडपॉइंट (सर्व्हरवरचा पत्ता) लिही, त्यात हवं तेवढंच भर. पाच हाकांची एक होईल. रेस्टच्या सोवळ्यात ते बसत नाही म्हणून कुणी नाक मुरडेल, मुरडू दे.

उद्या वितरकांचं ॲप निघालं, बाहेरची टीम आली, तर पुन्हा बोलू. तेव्हाही सगळं उकरायचं नाही; जुन्या एपीआयवरच, म्हणजे आत्ताच्या रेस्टच्या पत्त्यांवरच, ग्राफक्यूएलचा थर चढवायचा, रिझॉल्वर आतून त्यांनाच हाक मारतील.

आधी एक कर. रविवारी घरी जाशील तेव्हा तिथल्या नेटवर्कवर होम स्क्रीन उघड आणि त्या पाच हाकांना किती वेळ लागतो त्याचा स्क्रीनशॉट पाठव. मला शंका आहे की चार झटपट येतात आणि उधारीचीच एक रखडते. तसं असेल तर डेटाबेसमधल्या त्या टेबलावर इंडेक्स (लवकर शोधायची सूची) आहे का तेवढं बघ, आणि नसेल तर पुढच्या भेटीतली मिसळ तुझ्याकडे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
रूममेट