काबूलचा दूतावास उघडला. आता अफगाण मुलींच्या व्हिशाचं बघा

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्र व्यवहार मंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहते. महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार अफगाण मुलं-मुली असायची. हेरातची एक मुलगी माझ्या घरी वरचेवर येई. मराठीतलं तिला एकच वाक्य नीट जमायचं, ‘चला, येते हं’, आणि निघताना ती ते न चुकता म्हणायची. २०१९ साली एम.ए. करून ती परत गेली आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागली. आज ती घरात बसून आहे. तालिबानची सत्ता आली तेव्हा, २०२१ मध्ये, तिची धाकटी बहीण सहावीत होती. तिचं शिक्षण आजही सहावीच आहे.

अफगाणिस्तानात आज मुलीची शाळा सहावीला संपते. जगात दुसऱ्या कुठल्याही देशात असा नियम नाही. युनेस्कोच्या हिशोबानं माध्यमिक शाळेपासून तोडलेल्या मुलींची संख्या २२ लाखांवर गेली आहे. २३ मार्च २०२२ ला नवं वर्ष सुरू होताना शाळा उघडणार असं जाहीर झालं होतं. मुली दप्तर घेऊन वर्गात जाऊन बसल्या आणि काही तासांतच त्यांना घरी जायला सांगितलं. माझ्या विद्यार्थिनीनं त्या संध्याकाळी मला आवाजी निरोप पाठवला होता. ती रडत नव्हती. वर्गातल्या कोणत्या मुलीनं जाताना काय विचारलं, ते ती एकेक करून सांगत होती. तो निरोप मी अजून पुसलेला नाही.

आपल्याला हे पत्र लिहायचं कारण ऑक्टोबर २०२५ मधलं आहे. १० तारखेला आपण अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री आमीर खान मुत्ताकी यांना दिल्लीत भेटलात आणि काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देणार असं जाहीर केलंत. त्याच दिवशी अफगाण दूतावासात त्यांची पत्रकार परिषद झाली आणि तिथं एकही महिला पत्रकार नव्हती. त्या आयोजनाशी आपला संबंध नसल्याचा खुलासा आपल्या मंत्रालयानं केला. देशभर टीका झाली आणि दोनच दिवसांत दुसरी परिषद घेऊन महिला पत्रकारांना बोलावलं गेलं. त्या समोरच्या रांगेत बसल्या आणि त्यांनी मुत्ताकींना मुलींच्या शाळांबद्दल थेट विचारलं. अट्टहासानं बंद ठेवलेली गोष्ट दिल्लीत ४८ तासांत बदलली, कारण इथून कुणीतरी ‘हे चालणार नाही’ म्हणालं. माझ्या मनात ते दोन दिवस घर करून राहिले आहेत.

तालिबानशी बोलूच नका, असं मी म्हणणार नाही. शेजारी निवडता येत नाहीत, आणि चार कोटींहून जास्त माणसं सरकार आवडत नाही म्हणून वाऱ्यावर सोडता येत नाहीत. आपण ५० हजार टन गहू पाठवलात, भूकंपानंतर तंबू पाठवलेत, ते योग्यच झालं. माझी तक्रार वेगळी आहे. शाळेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे. दुसरं, जे दिवाणखान्यात आणि कधीकधी टीव्हीवरही बोललं जातं: तो समाजच तसा आहे, त्यांना हे नकोच आहे. दुसरं वाक्य खोटं आहे, आणि पहिल्याला सगळा आधार दुसऱ्याचाच असतो.

काबूलमध्ये मुलींची पहिली सरकारी शाळा १९२१ साली निघाली. परक्या कुणी ती काढली नव्हती. ती तिथले राजे अमानुल्लाह खान यांची राणी सुरैया यांनी काढली, आणि सुरैयांच्या आई अस्मा रस्मिया यांनी त्याच सुमारास स्त्रियांसाठी साप्ताहिक चालवलं. दोनच वर्षांपूर्वी हा देश इंग्रजांच्या वर्चस्वातून सुटला होता. नव्या राजाला घाई होती. १९२३ ची राज्यघटना, बालविवाहाला बंदी, गुलामगिरीला बंदी, सगळं भराभर आलं. डिसेंबर १९२७ मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला तो मुंबईहून. परत आल्यावर तर हुकुमांचा पाऊसच पडला. १९२८ च्या नोव्हेंबरात शिनवारी टोळ्यांनी बंड केलं, आणि जानेवारी १९२९ मध्ये दुसरा बंडखोर, हबिबुल्लाह कलाकानी, काबूलमध्ये शिरला.

या घटनेचा एकच अर्थ आपण शंभर वर्षं घोकत आलो: मुलींच्या शाळेनं राजाची गादी घालवली. पण बंडखोरांच्या तक्रारी वाचल्या तर शाळेच्या, तुर्कस्तानात शिकायला पाठवलेल्या मुलींना परत बोलावण्याच्या मागणीशेजारी कर आहेत, सक्तीची लष्करभरती आहे, लाचखाऊ अधिकारी आहेत. ज्या सैन्याच्या जोरावर बंड मोडायचं, त्याचा पगार राजानंच आधी कमी केला होता. शेतकऱ्याला सरकार दिसायचं ते वसुलीच्या रूपात. त्याच सरकारनं मुलीला शाळेत पाठव म्हटलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही.

पदच्युत राजा-राणी परदेशात निघाले ते पुन्हा मुंबईमार्गे. जून १९२९ मध्ये मुंबईत त्यांना मुलगी झाली. त्यांनी तिचं नाव ‘इंडिया’ ठेवलं. ही राजकन्या इंडिया २०२३ साली रोममध्ये वारली. राज्य गेलेल्या त्या दोघांना आपल्या भूमीचं नाव लेकीला द्यावंसं वाटलं, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

आणि शाळेचं काय झालं? बंद झाली, पण संपली नाही. तीसच्या दशकात काबूलमध्ये सुइणी आणि परिचारिका घडवण्याच्या निमित्तानं मुलींचं शिक्षण हळूच परत आलं. १९५९ मध्ये पंतप्रधान दाऊद यांनी बुरख्याची सक्ती उठवली, पण ‘काढाच’ असा हुकूम दिला नाही. राजघराण्यातल्या आणि मंत्र्यांच्या घरच्या स्त्रिया स्वातंत्र्योत्सवात उघड्या चेहऱ्यानं मंचावर बसल्या, एवढंच. मौलवी तक्रार घेऊन आले तेव्हा त्यांनाच धर्मग्रंथात आधार दाखवायला सांगितलं गेलं. १९६४ च्या घटनेनंतर १९६५ च्या निवडणुकीत चार स्त्रिया संसदेत गेल्या आणि कुब्रा नूरझाई आरोग्यमंत्री झाल्या. हे सगळं मुसलमान राजाच्या मुसलमान देशात, मुसलमान मंत्र्यांनी केलं. पुढं ऑक्टोबर १९७८ मध्ये कम्युनिस्टांनी विवाहाच्या वयाचा आणि मेहेरचा, म्हणजे लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायच्या रकमेचा, फतवाच काढला, बायकांना साक्षरतेच्या वर्गांत जबरदस्तीनं बसवायला सुरुवात केली, आणि मार्च १९७९ मध्ये हेरात पेटलं. मागोमाग रशियन रणगाडे आले. तेव्हापासून ‘स्त्रीशिक्षण’ हा शब्द तिथल्या खेडुताला परक्या फौजेसोबत ऐकू आला, आधी रशियाच्या आणि मग अमेरिकेच्या. तालिबान आज याच आठवणीवर जगते.

सुधारणा धर्माच्या बाहेरूनच यावी लागते असंही नाही. सौदी अरेबियानं १९६० साली मुलींच्या शाळा सुरू केल्या तेव्हा बुरैदा गावातून विरोधाचं शिष्टमंडळ थेट रियाधला आलं. सरकारनं सक्ती केली नाही, पण शाळाही बंद केली नाही. ज्याला पाठवायचं नसेल त्यानं पाठवू नये, दार उघडं राहील, असा तो मार्ग होता. काही वर्षांत त्याच भागातल्या मुली शाळेत दिसू लागल्या.

तालिबानच्या बंदीला इस्लामचं पाठबळही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं मुलींना बंद झाली तेव्हा कैरोच्या अल-अझर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी हा निर्णय शरियतच्या विरुद्ध असल्याचं स्पष्ट सांगितलं. मुत्ताकी स्वतः दिल्लीत म्हणाले की मुलींचं शिक्षण आम्ही हराम ठरवलेलं नाही, पुढच्या आदेशापर्यंत थांबवलं आहे. हराम नसेल तर तो फक्त कंदाहारमधल्या काही माणसांचा हुकूम उरतो, आणि त्यांच्याच सरकारात त्याबद्दल मतभेद आहेत. शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत १९८२ मध्ये शिकलेले. उप परराष्ट्रमंत्री असताना, जानेवारी २०२५ मध्ये, त्यांनी खोस्तमध्ये भर सभेत शाळा उघडा म्हणून सांगितलं. त्यानंतर त्यांना देश सोडावा लागला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं तालिबानचे सर्वोच्च नेते हिबतुल्लाह अखुंदजादा यांच्याविरुद्ध स्त्रियांच्या छळाच्या आरोपावरून अटक वॉरंट काढलं.

‘समाजाची मागणीच नाही’ हे वाक्य महाराष्ट्रानं आधी ऐकलं आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं तलाकपीडित मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत निघाला. त्यात सात बायका होत्या, फक्त सात. त्या सातजणींचं कुणी ऐकलं असतं तर पुढच्या कितीजणींची आयुष्यं वाचली असती याचा हिशोब मी विद्यार्थ्यांना करायला लावत असे. काबूलच्या रस्त्यांवर २०२१ पासून बायका ‘नान, कार, आझादी’ म्हणत निघाल्या आहेत; भाकरी, काम, स्वातंत्र्य. त्यांच्यावर चाबूक चालले, त्यांना तुरुंगात टाकलं, तरी त्या निघाल्या. याहून मोठी मागणी कशी असते?

महोदय, या प्रश्नात भारत नुसता बघणारा नाही. काबूलची संसद आपण बांधली. २५ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांनी तिचं उद्घाटन केलं. २४९ जागांच्या त्या सभागृहात घटनेनं किमान ६८ जागा स्त्रियांसाठी राखल्या होत्या. आज तिथं एकही स्त्री बसत नाही. कंदाहारचं कृषी विद्यापीठ आपल्या मदतीनं उभं राहिलं; डिसेंबर २०२२ पासून तिथल्या वर्गात मुलगी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुईणकाम आणि परिचर्येच्या संस्थाही मुलींना बंद झाल्या. नव्वद वर्षांपूर्वी ज्या फटीतून शिक्षण परत आलं होतं, तीही बुजवली गेली. ३१ ऑगस्ट २०२५ ला कुनारमध्ये भूकंप झाला. दोन हजारांहून जास्त माणसं गेली. परपुरुषानं हात लावायचा नाही म्हणून जखमी बायका उपचारावाचून थांबल्या, कारण पुरेशा डॉक्टर बायका नव्हत्या. आपण तंबू पाठवू शकतो, पण डॉक्टर बाई एका रात्रीत पाठवता येत नाही. ती आज सहावीत असलेल्या मुलीतूनच घडवावी लागते.

म्हणून तीन गोष्टी मागते. तिन्ही आपल्या हातातल्या आहेत, काबूलच्या परवानगीवाचून होण्यासारख्या आहेत.

२५ ऑगस्ट २०२१ ला आपण अफगाणांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. नंतर ऑनलाइन शिष्यवृत्त्या आल्या, विद्यार्थी व्हिशाची वाटही पुन्हा उघडली, त्याबद्दल आभार. पण मुलींचा अडथळा वेगळा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईत शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींना काबूलच्या विमानतळावरून परत पाठवलं. सोबत महरम नाही, म्हणजे बाप, भाऊ किंवा नवरा नाही, म्हणून बाईला एकटीनं निघता येत नाही. आपण रुग्णाबरोबर येणाऱ्या नातेवाइकाला सोबत्याचा व्हिसा देतो. तसाच व्हिसा शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थिनीच्या एका नातेवाइकालाही द्यावा. एका ओळीच्या परिपत्रकाचं काम आहे. त्या मुलीचा प्रवास त्यावर अडलेला असतो.

दुसरं, इराण आणि पाकिस्तानातून लाखो अफगाण कुटुंबांची हकालपट्टी चालू आहे. तिथं शाळेत जाणाऱ्या मुली परत पाठवल्या जाताच सहावीपाशी येऊन थांबतात. तेहरान आणि इस्लामाबादमधल्या आपल्या कार्यालयांतून त्यांचे अर्ज घ्या, म्हणजे हद्दपारीआधीच त्यांना इकडे येता येईल. इस्लामाबादशी आपले संबंध काय आहेत ते मला माहीत आहे. तरीही तिथं एक खिडकी चालू असते, आणि मुलगी पाकिस्तानी नाही, अफगाण आहे.

तिसरं, तालिबानच्या मंत्र्यांशी होणाऱ्या प्रत्येक बैठकीत मुलींच्या शाळेचा विषय लेखी मांडा आणि निवेदनात तो छापा. व्यापार, खाणी, इराणमधलं चाबहारचं बंदर यांच्या यादीत एक ओळ. काबूलच्या दूतावासात महिला अधिकारी नेमा, म्हणजे अर्ज घेऊन आलेल्या बाईला बोलायला कुणी असेल.

परवा त्या हेरातच्या मुलीचा फोन आला होता. धाकटी आता मोठीची पुस्तकं वाचते, इंग्रजी आणि थोडं गणित, दुपारी घरातले पुरुष कामावर गेले की. ती विचारत होती, ‘बाई, पुण्यात अजून प्रवेश मिळेल का? वय झालं का तिचं?’ मी म्हटलं, वय झालेलं नाही. व्हिशाचं विचारून सांगते.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपली नम्र,
पुण्याची एक निवृत्त शिक्षिका