‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणजे कुटुंबप्रमुख नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अर्थसंकल्पाचे दिवस आले की भारत आणि अमेरिका यांच्या प्राप्तिकराची तुलना करणारे तक्ते मराठी वृत्तपत्रांत छापून येतात. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक तक्त्यांत अमेरिकेसाठी एकच रकाना होता आणि तो अविवाहित करदात्याचा होता. अमेरिकेत कराचे दर १० टक्क्यांपासून ३७ टक्क्यांपर्यंत सात आहेत आणि ते सर्वांना सारखेच आहेत. पण त्यातला कोणता दर किती उत्पन्नापासून लागू होतो, हे विवरणपत्राच्या पहिल्याच पानावर निवडायच्या ‘फायलिंग स्टेटस’वर, म्हणजे करदात्याच्या दर्जावर, अवलंबून असते. या एका चौकटीवरची खूण चुकल्यामुळे नुकसान सोसलेली मराठी कुटुंबे मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत पाहते आहे, म्हणून हे पत्र.

आमचे कुटुंबही त्यांतलेच एक. मी एच-४, म्हणजे इथे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावर आले तेव्हा मला नोकरीची परवानगी नव्हती आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांकही नव्हता. ‘पत्नीला उत्पन्नच नाही, मग तिला विवरणपत्रात कशाला घ्यायचे’, असे सांगून एका सल्लागाराने माझ्या पतीचे विवरणपत्र ‘विवाहित, पण स्वतंत्र’ या दर्जाखाली भरले, आणि पुढच्या वर्षीही तेच झाले. याचा अर्थ काय होतो ते २०२५ या करवर्षाच्या आकड्यांवरून सांगते. पतीचा पगार १,२०,००० डॉलर आणि पत्नीचे उत्पन्न शून्य असेल, तर संयुक्त विवरणपत्रात ३१,५०० डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक वजावट) मिळून ८८,५०० डॉलर करपात्र उरतात. त्यांतल्या पहिल्या २३,८५० डॉलरवर १० टक्के आणि उरलेल्या ६४,६५० डॉलरवर १२ टक्के, असा एकूण १०,१४३ डॉलर कर होतो. तोच पगार ‘विवाहित, पण स्वतंत्र’ म्हणून दाखवला, तर वजावट १५,७५० डॉलरवर येते, १२ टक्क्यांचा टप्पा ४८,४७५ डॉलरलाच संपतो, पुढे २२ टक्के लागतात, १,०३,३५० डॉलरच्या वरच्या थोड्या रकमेवर २४ टक्केही लागतात आणि कर १७,८६७ डॉलर होतो. पत्नीचे नाव न घेतल्याची किंमत एका वर्षाला ७,७२४ डॉलर! सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला, तरी डब्ल्यू-७ हा अर्ज भरून करदाता क्रमांक मिळतो आणि संयुक्त विवरणपत्र भरता येते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

लग्नामुळे कर नेहमीच कमी होतो, असा मात्र याचा अर्थ नाही. पती आणि पत्नी दोघांचाही पगार १,२०,००० डॉलर असेल, तर २०२५ च्याच आकड्यांनुसार त्यांचा संयुक्त कर ३५,७३४ डॉलर होतो, म्हणजे दोन अविवाहितांच्या कराइतकाच, एका डॉलरचाही फरक न पडता. अगदी वरच्या टप्प्यावर तर विवाहितांचे नुकसानच होते, कारण २०२५ मध्ये ३७ टक्के दर अविवाहिताला ६,२६,३५० डॉलरच्या पुढे लागत होता आणि जोडप्याला त्याच्या दुपटीच्या पुढे नव्हे, तर ७,५१,६०० डॉलरच्या पुढे. उत्पन्नांत जितकी तफावत, तितका संयुक्त विवरणपत्राचा फायदा मोठा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ या दर्जाचा. मराठीत त्याचे भाषांतर ‘कुटुंबप्रमुख’ असे केले जाते, आणि बायको-मुलांसह राहणारा, गावी आईवडिलांना पैसे पाठवणारा माणूस, साहजिकच, ती चौकट आपली समजतो. कायद्याला अभिप्रेत असलेली व्यक्ती निराळी आहे. ती ३१ डिसेंबर रोजी अविवाहित असावी किंवा कायद्याने तशी मानली गेलेली असावी, घराचा निम्म्याहून अधिक खर्च तिने केलेला असावा आणि तिच्यावर अवलंबून असलेले मूल किंवा नातलग निम्म्याहून अधिक वर्ष तिच्या घरी राहिलेले असावे. एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईवडिलांसाठी ही सवलत आहे, आणि ती न्याय्य आहे. अशा व्यक्तीला २०२५ मध्ये १२ टक्क्यांचा टप्पा ६४,८५० डॉलरपर्यंत मिळत होता. अवलंबून असलेल्या आईवडिलांनी मात्र करदात्याच्याच घरात राहिले पाहिजे अशी अट नाही. परंतु अवलंबून असलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी, नाहीतर कॅनडा अथवा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. साताऱ्यात किंवा नाशकात राहणाऱ्या आईवडिलांचा सगळा खर्च मुलगा करत असला, तरी या कायद्याच्या दृष्टीने ते त्याच्यावर अवलंबून नसतात. हे ऐकताना अनेकांचे चेहरे उतरलेले मी पाहिले आहेत.

या वेगवेगळ्या रकान्यांचे मूळ पाहताना गोव्याची आठवण यावी असा एक धागा सापडतो. वॉशिंग्टन राज्यात पती-पत्नीची मिळकत सामाईक मानली जाते, म्हणून तिथल्या जोडप्याला अर्धे-अर्धे उत्पन्न दाखवता येईल, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३० मध्ये ‘पो विरुद्ध सीबॉर्न’ या खटल्यात दिला. मग एका राज्यातल्या जोडप्याला कमी कर आणि शेजारच्या राज्यातल्या जोडप्याला जास्त, अशी स्थिती झाली. १९४८ च्या कायद्याने ही विभागणी देशभरच्या विवाहितांना खुली झाली, १९५१ मध्ये ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा वेगळा रकाना आला आणि १९६९ च्या कायद्याने अविवाहितांचा भार काहीसा हलका केला. भारतात पती आणि पत्नी हे दोन स्वतंत्र करदाते आहेत, तरीही पोर्तुगीज नागरी संहितेखाली येणाऱ्या गोव्यातील दाम्पत्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ५अ त्यासाठीच होते. त्यामुळे संयुक्त मिळकतीची कल्पना समजावून सांगताना मराठी वाचकासाठी परक्या उदाहरणाची गरज नाही.

आपल्याला विनंती अशी की, पुढच्या वेळी असा तक्ता छापताना अविवाहित, संयुक्त, विवाहित पण स्वतंत्र आणि हेड ऑफ हाउसहोल्ड हे चारही रकाने द्यावेत, आणि शेवटच्या नावाचे भाषांतर न करता त्याखाली अटी छापाव्यात. पत्नी भारतातच राहत असेल, तर तिला करापुरती अमेरिकेची रहिवासी मानण्याचा पर्याय घेऊन संयुक्त विवरणपत्र भरता येते, पण मग तिचा भारतातला पगार आणि ठेवींवरचे व्याजही अमेरिकेत दाखवावे लागते, हेही सोबत सांगावे. ज्यांनी आधीच ‘विवाहित, पण स्वतंत्र’ म्हणून भरले आहे, त्यांना साधारण तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स हा विवरणपत्र दुरुस्तीचा अर्ज भरून संयुक्त दर्जा घेता येतो. आम्ही तसेच केले आणि दोन्ही वर्षांचा जादा कर परत मिळाला. उलट दिशेने, म्हणजे संयुक्तवरून स्वतंत्रकडे, मुदत उलटल्यावर जाता येत नाही.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी